इतिवृत्तातली एक दुरुस्ती : आपल्या पार्किंगची पंचवीस वर्षं

स्मरणिका समितीची मंडळी दिवाळीनंतर घरी आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही तीन वेळा सेक्रेटरी होतात. सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा." मी हो म्हटलं आणि ऑफिसच्या कपाटातून इतिवृत्ताची सगळी पुस्तकं घरी आणली. एकूण सात. हिशेबतपासनिसांच्या हिरव्या टिचक्या, कुठे चहाचे डाग, आणि निम्म्याहून अधिक पानांवर माझंच अक्षर.

पंधरा दिवस वाचत होतो. गच्चीची गळती, पाण्याचे टँकर, लिफ्टची दोरी, गणपतीची वर्गणी हे सगळं त्यात आहेच. पण या पुस्तकांची सर्वांत जास्त पानं कुठल्या विषयाने खाल्ली असतील, तर ती पार्किंगने. म्हणून ठरवलं, इमारतीचा इतिहास बाकीचे लिहितील, आपण पार्किंगचा लिहावा. त्यातही मुख्यतः एकाच जागेचा. ए विंगच्या लिफ्टला लागून असलेली दोन नंबरची जागा, जिथे आज निळ्या रंगात व्हीलचेअरचं चित्र आहे.

या जागेबद्दल इतिवृत्तात एक वाक्य आहे. ते माझ्याच अक्षरात आहे आणि ते खरं नाही. पंचवीस वर्षांचा हिशेब मांडायचा तर ते दुरुस्त करायला हवं.

सहा गाड्या, चौदा जागा

२००० साली आपण राहायला आलो तेव्हा ३२ फ्लॅटमध्ये मिळून चारचाकी गाड्या होत्या सहा. त्यातल्या तीन मारुती ८००. बाकी पुण्याच्या रीतीप्रमाणे दोनचाकींचा दरबार. बजाज चेतक, लूना, आणि बिनगिअरच्या स्कूटर. इमारतीखाली खांबांच्या मधे चौदा जागा. मुलं तिथे क्रिकेट खेळायची, दिवाळीत किल्ला करायची, आणि मे महिन्यात चादरी पसरून पापड वाळत घातलेले असायचे.

त्या चौदांपैकी अकरा जागा बिल्डरने फ्लॅटबरोबर 'विकल्या' होत्या, प्रत्येकी तीस हजार रुपयांना. करारात उल्लेख नाही. एका साध्या लेटरहेडवर 'पार्किंग क्र. अमुक, रक्कम मिळाली' एवढंच. माझ्याकडेही असा कागद होता, दोन नंबरचा. उरलेल्या तीन जागा त्याने 'नंतर बघू' म्हणून स्वतःकडे ठेवल्या. अकरातल्या काहींकडे गाडीच नव्हती. पुढे घेऊ, म्हणून जागा घेऊन ठेवली. त्यातल्या एकांनी आपली जागा रस्त्यापलीकडच्या दुकानदाराला महिना पाचशे रुपयांनी भाड्याने दिली होती. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपण पैसे मोजलेत, आपली जागा, आपण काहीही करू, हीच सगळ्यांची समजूत. माझीही.

देशात १९९५ साली अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला होता. आपली इमारत त्यानंतरची. तरीही प्रवेशाला तीन पायऱ्या आणि रॅम्प नाही. पहिल्या तीन वर्षांच्या इतिवृत्तात 'अपंग' हा शब्द एकदाही सापडला नाही. आपल्यात तसं कुणी नव्हतं म्हणून नव्हे. पहिल्या मजल्यावरचे आजोबा अर्धांगवायूनंतर चार वर्षं घराबाहेरच पडले नाहीत. त्यांना तीन पायऱ्या उतरवायच्या कशा, हा प्रश्न त्यांच्या घरचा होता, सोसायटीचा नव्हता.

बाईंची स्कूटर

२००३ साली ए विंगच्या दुसऱ्या मजल्यावर शाळेतल्या बाई राहायला आल्या. नाव लिहीत नाही. आपल्याकडे 'बाई' म्हटलं की त्याच. लहानपणी पोलिओ झालेला, दोन्ही पायांना कॅलिपर, दोन कुबड्या. मागच्या बाजूला दोन जादा चाकं बसवलेली स्कूटर स्वतः चालवत शाळेत जायच्या.

त्यांचा पहिला अर्ज त्याच वर्षीच्या ऑगस्टमधला आहे. मजकूर असा, की माझी स्कूटर दोनचाकींच्या रांगेत बसत नाही आणि लावली तरी निघत नाही. आम्हाला त्याचा अर्थ कळायला वेळ लागला. साइड व्हीलमुळे ती स्कूटर दुप्पट रुंद. त्यात स्कूटरला रिव्हर्स गिअर नसतो. आपण पाय टेकवून मागे ढकलतो. ज्याला पाय टेकवता येत नाही त्याने काय करायचं? समोर भिंत आणि मागे कुणाची तरी बाईक, म्हणजे स्कूटर अडकलीच. त्यांना हवी होती सरळ आत येऊन वळून सरळ बाहेर पडता येईल अशी जागा.

समितीने ठराव केला : 'वॉचमनने बाईंची स्कूटर काढून द्यावी.' आम्हाला वाटलं, प्रश्न मिटला. वॉचमन पंप चालू करायला गेला, चहाला गेला, गावाला गेला, की बाई स्कूटरवर बसून वाट बघायच्या. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायच्या, "जरा मागे ओढता का?" सहा वर्षं. रोज सकाळी. आम्ही सगळे आनंदाने ओढायचो, आणि ओढून झाल्यावर आपण काहीतरी चांगलं केलं असं वाटून ऑफिसला जायचो. ही मदत आहे, सोय नाही, हे त्या वेळी सुचलं नाही.

दहिसरचा निकाल

२००९ साली बाईंनी जुनी वॅगन आर घेतली. ब्रेक आणि अॅक्सिलरेटर हाताने चालवता येतील असा दांडा बसवून घेतला, तसं लायसन्स काढलं, आणि इमारतीखालच्या जागेसाठी अर्ज केला. समितीचं उत्तर पुस्तकात आहे : 'सर्व जागा विकल्या गेल्या असल्याने असमर्थता.'

पुढच्याच वर्षी सगळं उलटंपालटं झालं. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईत दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्याचा निकाल दिला. नहालचंद लालूचंद ही बिल्डर कंपनी विरुद्ध ती सोसायटी, आणि भांडण २५ स्टिल्ट पार्किंगचं. न्यायालयाने १९६३ च्या मोफा कायद्याचा अर्थ लावून सांगितलं, की इमारतीखालची अशी जागा म्हणजे गॅरेज नव्हे. बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही. ती सामाईक जागा आहे.

त्या सप्टेंबरची वार्षिक सभा जुन्या लोकांना आठवत असेल. रात्री साडेबारापर्यंत चालली. तीस हजार मोजलेले लोक एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या. "मग आमचे पैसे कोण परत देणार?" हा प्रश्न चुकीचा नव्हता. लोकांनी खरंच पैसे दिले होते आणि बिल्डर फोन उचलत नव्हता. पण उपविधी उघडून बघितले तर तिथेही तेच : पार्किंगचं वाटप समितीने करायचं, सभासदाला जागा विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही, आणि गाड्या जागांपेक्षा जास्त झाल्या तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकायच्या. ते पुस्तक नोंदणीच्या दिवसापासून आमच्या कपाटात होतं.

शेवटी समेट झाला. ज्यांनी पैसे दिले आणि ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी तूर्त जागा वापरावी. गाडी नसलेल्यांनी परत करावी. बिल्डरच्या तीन जागा सोसायटीने ताब्यात घ्याव्यात. अशा सात जागा मोकळ्या झाल्या. त्यातली एक 'अपंग वाहनचालकासाठी राखीव' ठेवण्याचा ठराव एकमताने झाला. सूचक मी होतो. टाळ्या पडल्या.

जागा मिळाली, दार मिळालं नाही

राखीव जागा कुठली द्यायची हे ठरवलं समितीने, म्हणजे खरं तर मी. सात नंबर. कोपऱ्यातली, कुणाला फारशी नको असलेली. पेंटर आणून व्हीलचेअरचं चित्र काढून घेतलं. त्याने काढलेल्या माणसाला डोकंच नव्हतं म्हणून मुलं हसली. पुढे कधीतरी वाचनात आलं, की १९६८ साली सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने हे चित्र तयार केलं तेव्हा मूळ चित्रालाही डोकं नव्हतं. ते नंतर जोडलं गेलं. आमचा पेंटर अजाणता इतिहासाला धरूनच होता.

एप्रिल २०११ मध्ये बाईंनी पहिल्यांदा गाडी आत घेतली आणि उतरल्याच नाहीत. सात नंबरच्या उजव्या हाताला खांब आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. दार वीतभर उघडलं की खांबाला लागायचं. कॅलिपर लावलेले पाय सरळ असतात, ते बाहेर काढायला दार पूर्ण उघडावं लागतं. मग मागच्या सीटवरच्या कुबड्या ओढून घ्यायच्या, मग उभं राहायचं, मग कॅलिपरची गुडघ्याची कुलपं लावायची.

"रिव्हर्समध्ये लावा ना बाई, खांब डावीकडे जाईल," कुणीतरी सुचवलं.

"मग उजवीकडे आठ नंबरची गाडी येते," त्या म्हणाल्या. पर्समधून टेप काढली आणि आमच्यासमोर मोजायला लावली. दोन गाड्यांच्या मधे दीड फूट. "सेक्रेटरी, जागा मिळाली हो, दार मिळालं नाही."

नेहमीची पार्किंगची जागा अडीच मीटर रुंद धरतात. अपंग व्यक्तीच्या गाडीसाठी ३.६ मीटर रुंदी आणि प्रवेशद्वारापासून जास्तीत जास्त ३० मीटर अंतर, असं २००५ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत लिहिलेलं आहे. तो नियम सार्वजनिक इमारतींसाठी, पण माणसाचं शरीर सरकारी ऑफिसात आणि घरी वेगळं नसतं. तो जादा मीटर म्हणजे चैन नव्हे. दार उघडण्यासाठी, कुबड्या टेकण्यासाठी, व्हीलचेअर गाडीला लागून उभी करण्यासाठी तो असतो.

आपल्या इमारतीत एवढी रुंद जागा एकच होती. दोन नंबर. लिफ्टला लागून, उजवीकडे मोकळा बोळ. माझी.

मी समितीत बरंच बोललो. आठ नंबरवाल्यांनी गाडी जरा पलीकडे लावावी. खांबाला रबर लावू. वॉचमन मदत करेल. ठराव एकदा झाला आहे, तो पुन्हा उघडला तर प्रत्येक जण जागा बदलून मागेल. हे सगळं इतिवृत्तात 'साधकबाधक चर्चा झाली' या तीन शब्दांत आहे.

जुलैमधली ती रात्र

त्या जुलैमध्ये माझ्याकडे पाहुणे जेवायला होते. आठ नंबरवाले गावाला गेले होते म्हणून मेव्हण्याची गाडी मी तिथे लावायला सांगितली. ती गाडी मोठी. सात नंबरच्या पट्ट्यावर हातभर आलेली. मी बघितलं होतं. म्हटलं, दोन तासांचा प्रश्न आहे.

रात्री साडेनऊच्या सुमारास जोराचा पाऊस चालू होता. पानं घेतलेली. गॅलरीत हात धुवायला गेलो तर खाली गाडीच्या दिव्यांचा उजेड कंपाउंडच्या भिंतीवर पडलेला दिसला. उजेड हलत नव्हता. इंजिनचा आवाज येत होता. कोण आहे ते मला लगेच कळलं, आणि ती गाडी आत का जात नाही हेही कळलं. बाहेरच्या उघड्या जागेत त्या लावू शकत नव्हत्या. ओल्या पेव्हर ब्लॉकवर कुबडी सरकते. जूनमध्येच एकदा पडल्या होत्या. वाटेत गाडी सोडून वर जावं तर येणाऱ्याची वाट अडणार आणि सकाळी बोलणी खावी लागणार.

त्यांनी हॉर्न वाजवला नाही. मी मनाशी म्हटलं, वॉचमन बघेल, आणि आत येऊन जेवायला बसलो. श्रीखंड होतं.

वॉचमन जेवून परत आला तेव्हा सव्वादहा वाजून गेले होते. तो किल्ली मागायला वर आला. मी किल्ली दिली आणि वर त्यालाच म्हणालो, "अरे, आधी सांगायचं ना!"

दुसऱ्या दिवशी बाई नेहमीच्या वेळेला शाळेत गेल्या. मला भेटल्या नाहीत, भांडल्या नाहीत. ऑगस्टच्या सभेपुढे त्यांचा चार ओळींचा अर्ज आला : सात नंबरची जागा मला वापरता येत नाही, ती गरजू सभासदास द्यावी, मी गाडी रस्त्यावर लावीन. मी तो वाचून दाखवला आणि कुणी काही बोलायच्या आत म्हणालो, दोन नंबर मी सोडतो.

त्या सभेचं इतिवृत्त मी लिहिलं आहे. वाक्य असं : 'सचिवांनी मोठ्या मनाने स्वतःच्या मालकीची जागा अपंग भगिनीसाठी दिली, याबद्दल सभेने त्यांचे टाळ्यांच्या गजरात आभार मानले.'

दुरुस्ती अशी. जागा माझ्या मालकीची नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने वर्षभर आधीच तसं सांगितलं होतं आणि तो निकाल सभेत मीच वाचून दाखवला होता. मन मोठं नव्हतं. मला लाज वाटत होती, आणि लाजेचं कारण मी सभेला सांगितलं नाही. आणि जे त्यांना मिळालं ती देणगी नव्हती. आठ वर्षं उशिरा लागलेला हिशेब होता.

कुटुंबांची जागा

एका राखीव जागेने दार उघडलं तसे बाकीचे प्रश्नही आत आले. २०१६ मध्ये बी विंगमध्ये जुळी मुलं झाली. आईवडील दोघं नोकरीला, दोन बाळं, दोन पिशव्या, आणि गाडी रस्त्यावर पन्नास पावलांवर. त्यांनी कुटुंबासाठी राखीव जागा मागितली. सभेत एकच गलका झाला. "आमची मुलं काय आकाशातून पडली?" "उद्या म्हणाल कुत्र्यासाठी जागा द्या." "आमच्या वेळी आम्ही रिक्षातून दोन-दोन पोरं नेली." तेव्हा तळमजल्यावरच्या आजी, ज्या सभेत कधी बोलत नाहीत, म्हणाल्या, "आमच्या वेळी आम्हाला त्रास झाला, म्हणून हिलाही व्हायलाच हवा का?"

या चर्चेतून जे निघालं ते मला अजूनही पटतं. बाईंची गरज रोजची, कायमची, आणि तिला दुसरा मार्ग नाही. लहान मुलांची, गरोदर बाईची, दवाखान्यातून आलेल्या माणसाची गरजही खरी, पण ती बहुधा गाडीत चढण्या-उतरण्याच्या वेळेची. म्हणून त्यांना मालकीची जागा न देता दोन्ही विंगच्या मधे एक 'चढ-उताराची जागा' आखली. वीस मिनिटं. बाळ, म्हातारी माणसं, पेशंट, सामान उतरवा, मग गाडी हलवा. ती कुणाचीच नाही म्हणून सगळ्यांची आहे. जुळी आता तिसरीत आहेत आणि त्याच जागेवर त्यांच्या आजीला व्हीलचेअरमधून उतरवतात.

"चांगले चालतात की!"

दुसरी राखीव जागा झाली २०१८ मध्ये, आणि तिच्यावरून झालेलं भांडण सर्वांत कडू होतं. बी विंगच्या काकांना पार्किन्सन. गाडी मुलगा चालवतो. पहिला आक्षेप : ठरावात 'अपंग वाहनचालक' असं लिहिलंय, काका कुठे चालक आहेत? तेव्हा इंग्लंडमध्ये लेकीकडे जाऊन आलेल्या एका सभासदांनी तिथली माहिती सांगितली. तिकडे अशा पार्किंगसाठी १९७१ पासून नारिंगी आणि २००० पासून निळा बॅज मिळतो. तो बॅज माणसाला मिळतो, गाडीला नाही. तो माणूस ज्या गाडीत असेल त्या गाडीला सवलत. तो नसेल तर त्याच्या स्वतःच्या गाडीलाही नाही. आम्ही ठरावातला 'वाहनचालक' शब्द काढून 'व्यक्ती' घातला.

दुसरा आक्षेप कुणी सभेत मांडला नाही. तो सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. काका सकाळी दुधाची पिशवी घेऊन चालतानाचा फोटो, खाली तीन प्रश्नचिन्हं. कुणीतरी लिहिलं, "चांगले चालतात की!" काकूंनी ग्रुपवर उत्तर दिलं नाही. पुढच्या सभेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सातला गोळी घेतात, साडेसात ते दहा माणूस ठीक असतो. संध्याकाळी सहाला येऊन फोटो काढा. पाय जमिनीला चिकटतात आणि ढकललं तरी उचलत नाहीत."

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या नव्या कायद्यात ते एकवीस झाले. त्यात पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, हिमोफिलिया आणि सिकलसेलही आहेत. म्हणजे कुबडी न दिसणारी माणसंसुद्धा. तेव्हापासून आपला नियम असा : प्रमाणपत्र फक्त सेक्रेटरी आणि अध्यक्षांनी बघायचं, आजाराचं नाव फळ्यावर किंवा ग्रुपवर लिहायचं नाही, आणि एकदा मंजूर झालं की कुणी कुणाच्या पायाकडे बघत बसायचं नाही. तो फोटो टाकणाऱ्यांनी नंतर काकांकडे जाऊन माफी मागितली. हेही इतिहासात असू द्या.

न लिहिलेले नियम

भांडणं मोठ्या तत्त्वांवरून कमी आणि 'दोन मिनिटां'वरून जास्त होतात. रिकामी दिसते म्हणून पाहुण्यांची गाडी. पार्सलवाल्याची बाईक. केटररचा टेम्पो. २०१३ साली तर सर्वांत रुंद आणि मोकळी म्हणून दोन नंबरमध्ये गणपतीचा मांडवच घातला होता, दहा दिवस. आणि बाप्पापुढे बोलायचं कसं म्हणून बाईंनी तेही सोसलं. पुढच्या वर्षीपासून मांडव मागच्या अंगणात गेला. बाप्पाची काही तक्रार आली नाही.

नव्या सभासदांसाठी सांगतो. राखीव जागा रिकामी असते तेव्हाही ती वापरातच असते, कारण कुणीतरी ती रिकामी आहे या भरवशावर घराबाहेर पडलेलं असतं. शेजारची पिवळी तिरप्या रेघांची पट्टी म्हणजे दाराची जागा. तिथे सायकलसुद्धा लावू नका. पाहुण्यांना गेटवरच सांगा. कुणाची गाडी चुकून दिसलीच, तर फोटो काढून ग्रुपवर टाकण्याआधी बेल वाजवा. आणि जागा ज्यांच्या नावावर आहे त्यांनीही ती भाच्या-पुतण्याला वापरायला देऊ नये. बाईंनी चौदा वर्षांत एकदाही दिलेली नाही.

उद्याचं पार्किंग

आज आपल्याकडे जागा चौदाच आहेत आणि गाड्या एक्केचाळीस. यंदाच्या सभेत पुनर्विकासाचा विषय पहिल्यांदा निघाला. दोन विकसकांनी पडद्यावर चित्रंही दाखवली. चित्रात यांत्रिक पार्किंग आहे : लोखंडी फळीवर गाडी चढवायची, उतरायचं, बटण दाबायचं, गाडी वर जाते. ती फळी जेमतेम गाडीएवढी रुंद. बाईंना तिथे उतरता येणार नाही. काकांना नाही. दहा-पंधरा वर्षांनी आपल्यापैकी अनेकांना नाही. मी त्र्याहत्तरचा आहे. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मला आताच नाही.

म्हणून समितीला लेखी विनंती करतो आहे, ती इथेही छापावी. नव्या नकाशात किमान दोन जागा जमिनीवर, ३.६ मीटर रुंद, लिफ्टजवळ, वाटेत एकही पायरी नसलेल्या असाव्यात. एक जागा चढ-उताराची. या तिन्ही मंजूर नकाशात दाखवलेल्या असाव्यात आणि सोसायटीच्या ताब्यात राहाव्यात, कुणाच्याही फ्लॅटच्या करारात जाऊ नयेत. रेरा कायद्यानंतर उघड्या जागेचं पार्किंग विकता येत नाही, पण झाकलेल्याचं येतं. आणि २०२४ साली महारेराने पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि ठिकाण करारात लिहिणं बंधनकारक केलं. म्हणजे या वेळी 'माहीत नव्हतं' म्हणायची सोय नाही. २००० साली आपण साध्या लेटरहेडवर सही करून मोकळे झालो. ती चूक निस्तरायला अकरा वर्षं लागली, आणि ती अकरा वर्षं आपल्यापैकी प्रत्येकाने सारखी भोगली नाहीत.

हा लेख छापायला देण्याआधी मी बाईंना वाचायला दिला. त्यांच्याबद्दल आहे, त्यांची परवानगी हवी. त्या आता निवृत्त झाल्यात, गाडी अजून स्वतः चालवतात. चष्मा लावून त्यांनी सवयीप्रमाणे लाल पेनाने दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. मग एका ओळीखाली रेघ मारली.

"इथे तुम्ही लिहिलंय, मी हॉर्न वाजवला नाही."

"हो."

"वाजवला होता. दोनदा."

चौदा वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की वाजला नव्हता. ओळ बदलू का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "राहू दे. खाली दुरुस्ती लिहा. इतिवृत्तात तसंच करतात ना?"

म्हणून ती ओळ वर तशीच ठेवली आहे, आणि दुरुस्ती इथे नोंदवली आहे.